आळ्यातलं शिखर

पौर्णिमेचा चंद्र छान दिसतो, असं आमच्या घरमालक काकांसमोर म्हणण्याची चूक मी एकदाच केली. नाशिकहून बदली होऊन जबलपूरला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मदन महल स्टेशनपासून दहा मिनिटांवर त्यांचं घर. खाली ते आणि काकू, वर माझी खोली, तिच्यावर गच्ची. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले तर पूर्वेला चांगला परातीएवढा चंद्र उगवलेला, आणि काका त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसलेले. जरा ओळख वाढवावी म्हणून मी म्हटलं, "काय सुंदर दिसतोय ना काका चंद्र!"

त्यांनी पेपर खाली केला आणि चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घालून देवघरात शिरले आहे की काय, असं मलाच वाटलं.

"सुंदर? बेटा, त्याच्यात काय दिसून राहिलं तुला?"

"म्हणजे... प्रकाश."

"हां! नुसता प्रकाश! अरे, कोणाच्या तोंडावर समोरून टॉर्च मारला तर सुरकुत्या दिसतात का? बाजूनं मारावा लागते. सावली पडली पाहिजे. सावली नाही तर खड्डा नाही, आन खड्डा नाही तर त्या चंद्राला काय चाटायचं आहे?" मग पेपर पुन्हा वर करून त्यांनी मला हुकूम दिला, "शुद्ध अष्टमीला ये. सहा वाजता. चहा पिऊन ये, मध्येच खाली जाऊ देणार नाही."

मी खाली आले तेव्हा काकू ओट्यापाशी हसत होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. "फसली रे पोरगी," असं त्या फोडणीला म्हणाल्या.

काकांनी बत्तीस वर्षं खड्डे मोजले होते. मी थट्टा करत नाही, ती त्यांची नोकरी होती. फॅक्टरीत तयार झालेले तोफगोळे चाचणीच्या मैदानावर उडवून बघत. गोळा पडला, लाल झेंडी खाली आली, की काका फीत, बांबू आणि नोंदवही घेऊन खड्ड्याकडे चालू लागत. रुंदी किती, खोली किती, माती कुठवर उडाली, सगळं मोजून लिहायचं. फीत लागली तर नोंद, नाही लागली तर बाद. मैदानाच्या टोकाला एक तळं होतं. गोळा त्यात पडला की मोजायला काही उरत नसे. मग "पाण्यात, बाद" असं लिहून काका जेवायला जात.

निवृत्त होताना लोक घड्याळ मागतात, काकांनी दुर्बीण मागितली. पहिल्या संध्याकाळी त्यांनी ती चंद्राकडे लावली आणि एवढ्या मोठ्याने ओरडले, "अरे, हे तर आपलंच मैदान आहे!" की शेजारचे लोक बाहेर आले, असं काकू सांगतात. काकांच्या मते ते एवढ्या जोरात ओरडले नव्हते. शेजारी मात्र आले होते, हे त्यांनाही मान्य आहे.

तेव्हापासून चंद्र हे त्यांचं खातं झालं. खड्ड्याची अंगं त्यांनी आपल्या भाषेत ठरवली होती आणि ती समोरच्याला पाठ करायला लावत. बाहेरचा उचललेला काठ. काठावरून आत घसरलेल्या पायऱ्या. सपाट तळ. बाहेर उडून पडलेल्या मलब्याची चादर. त्या चादरीतून लांबवर गेलेल्या पांढऱ्या रेषा. उडालेले धोंडे पुन्हा पडून झालेले छोटे खड्डे, त्यांना ते "पिल्लं" म्हणत. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज जरा खाली आणून, मधलं शिखर.

ही अंगं ते जगातल्या कुठल्याही वस्तूत शोधत. एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून घमापूरच्या बाजारात चालले होते. भर रस्त्यात त्यांनी गचकन ब्रेक मारला, स्कूटर उभी केली आणि एका खड्ड्याशी उकिडवे बसले. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून ओरडला, "अंकल जी, हटो! क्या हो गया?"

"भैया, तुम गड्ढा समझ के बाजू से जा रहे थे ना?" काका बसल्या जागेवरून म्हणाले. "ये गड्ढा है ही नहीं! किनारा कहाँ है? मलबा कहाँ है? ये तो सिर्फ घिस गया है!"

रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. "दीदी, घर ले जाओ इनको," तो म्हणाला, आणि त्या नसलेल्या खड्ड्यातून त्याची रिक्षा दणकन गेली.

मदन महल किल्ल्याच्या वाटेवरची ती तोल सांभाळून उभी असलेली शिळा जबलपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. एका मोठ्या खडकावर दुसरा खडक जेमतेम टेकलेला, आत्ता पडेल की मग पडेल असा. लोक तिच्यासमोर फोटो काढतात. काकांचं तिच्याशी वैर होतं. रविवारी फिरायला जाताना खिशात फीत ठेवत, न जाणो आजच पडली तर. "भूकंपात सारं जबलपूर हललं," ते मला म्हणाले होते, "ही बाई नाही हलली. एवढा चांगला खड्डा अडवून बसली आहे, काहून ते तिलाच माहीत." आणि मग जाताजाता तिला बारीकसा धक्का देऊन बघत. मीही एकदा दिला. तिथे गेलेलं कोण देत नाही!

काकूंनी मात्र दुर्बिणीला कधी डोळा लावला नव्हता. दहा वर्षं दुर्बीण डोक्यावर होती, गल्लीतल्या दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी चंद्र पाहिला, काकूंनी नाही. कारण मला त्यांच्याकडूनच कळलं. दुर्बीण आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या हौसेने, हात पुसत वर गेल्या होत्या. आणि काका म्हणाले होते, "थांब. आधी अंगं पाठ कर, मग बघ. नाही तर काय पाहून राहिली ते तुला समजणार नाही."

"चंद्र बघायला परीक्षा द्यायची?" काकू मला हे सांगताना पुन्हा तापल्या. "मी म्हटलं, राहू द्या तुमचा चंद्र तुमच्यापाशी. मी वर येईन ते पापड घालायला."

काकूंचे उडदाचे पापड मराठी मंडळात प्रसिद्ध होते आणि अर्ध्या मंडळाचं लोणच्याबरोबरचं सुख त्यांच्यावर अवलंबून होतं. गच्चीवर दोघांचाही हक्क होता. भांडण त्यावरून रोज होई. पण सूड काकू जेवणात घेत.

रविवारी माझं जेवण त्यांच्याकडे असे. काकांच्या पानात भात पडला की ते त्याचं आळं करत. आळं आपण सगळेच करतो, वरण वाहून जाऊ नये म्हणून. काकांचं आळं म्हणजे बांधकाम होतं. बोटांनी काठ उचलायचे, आतून पायऱ्या दाबायच्या, तळ सपाट करायचा, आणि मधोमध चिमूटभर भाताचं टोकदार शिखर. मग ते मान जरा मागे घेऊन त्याच्याकडे बघत. नेमक्या त्या क्षणी काकू पळी चांगली हातभर वर धरून वरण ओतत, थेट शिखरावर.

"बुडालं," काका म्हणत.

"जेवा," काकू म्हणत.

मला आधी याची गंमत वाटायची. पण "बुडालं" म्हणताना काका क्षणभर पानाकडे बघत राहायचे, आणि तेवढ्यापुरता तो सत्तरीचा माणूस मला खरंच दुखावल्यासारखा वाटे.

कारण ते शिखर हा त्यांच्या जिवाला लागलेला घोर होता. एका अष्टमीला त्यांनी मला दुर्बिणीतून चंद्राच्या मध्याजवळचे तीन खड्डे दाखवले, एका रांगेत, एकमेकांना चिकटून. सूर्य तिरपा असल्यामुळे काठांच्या सावल्या आत पडल्या होत्या. त्यांतल्या तिसऱ्याच्या मधोमध खरंच एक डोंगर उभा होता, एकटा, टोकावर ऊन घेऊन.

"आता सांग," काका माझ्या कानाशी म्हणाले, "वरून मारलं तर माती खाली जायला पाहिजे. मी बत्तीस वर्षं पाहिलं, खालीच जाते. एका खड्ड्यात मला मधे वर आलेलं काही दिसलं नाही. मग हा गडी वर कसा आला?"

"पुस्तकात असेल ना काका."

"आहे ना. मोठा धोंडा इतक्या जोरात बसते की खडक दबते, आन मधून परत उसळी मारते. वाचलं मी. पण बेटा, वाचलेलं खरं असते, पाहिलेलं नोंदीत जाते. मला एकदा ते होताना पाहायचं आहे. बस."

आणि त्यासाठी ते घरात खड्डे पाडून बघत. इथेच भाजणीचं प्रकरण घडलं.

गौरी येणार म्हणून काकूंनी चकलीची भाजणी भाजून, दळून डबाभर ठेवली होती. एका दुपारी त्या मंडळात गेल्या आणि काकांना ती दिसली. बारीक, कोरडी, एकसारखी. मैदानावर अशी माती मिळाली असती तर काका निवृत्तच झाले नसते. त्यांनी परातीत खाली रवा पसरला, वर भाजणी, आणि सगळ्यांत वर हळदीचा पातळ थर, म्हणजे आतलं बाहेर कुठवर उडालं ते रंगावरून कळावं. मग स्टुलावर चढून त्यांनी वरून बेअरिंगचे छर्रे सोडले. काठ सुरेख आले. चादर आली. रेषासुद्धा आल्या, ओट्यापासून फ्रिजपर्यंत. शिखर काही आलं नाही.

वाईट हे नव्हे. काकांनी नंतर सगळं गव्हाच्या चाळणीने नीट चाळून परत डब्यात भरलं, हे वाईट. त्यांच्या मते चाळणी मारली की मैदान पूर्ववत. रवा आणि हळद चाळणीतून भाजणीबरोबर खाली येणार, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आणि छर्रे मोजून घेताना सगळ्यांत बारीक एक कमी भरला, तो स्टुलाखाली गेला असेल असं त्यांनी ठरवलं.

त्या वर्षीच्या चकल्या तेलात पडताच उलगडून शेवेसारख्या पोहायला लागल्या. ज्या कशाबशा टिकल्या त्या कावीळ झाल्यासारख्या पिवळ्या. काकूंना आपल्या हाताला काय झालं ते कळेना. त्यातल्या त्यात धड चकल्या निवडून बिचाऱ्यांनी हळदीकुंकवाच्या दिवशी ताटात ठेवल्या. आणि मराठी मंडळाचे अध्यक्ष, अत्यंत सभ्य गृहस्थ, पत्नीला सोडायला म्हणून आले आणि आग्रहाला बळी पडून बसले. त्यांनी चकली तोंडात घातली. कट्ट असा आवाज आला. अध्यक्षांनी तोंडातून रुमालावर आधी आपल्या दाताचा तुकडा काढला, मग एक चकचकीत छर्रा.

तेवढ्यात काका आतून आले, रुमालात डोकावले आणि मनापासून आनंदून म्हणाले, "अच्छा! हा इथे होता होय!"

पाहुणे गेल्यावर जे झालं ते मी जिन्यात उभी राहून ऐकलं. ऐकण्यासाठी जिन्यात जायची गरज नव्हती खरं तर, स्टेशनवर उभी असते तरी चाललं असतं. शेवटी काकूंनी निकाल लावला.

"बस झालं. कोजागिरीपर्यंत तुमचं ते शिखर मला काढून दाखवा. निघालं तर गच्ची तुमची, मी पापडाचं नाव काढणार नाही. नाही निघालं तर गच्ची माझी, आन ती नळी शाळेला देऊन टाका. मंजूर?"

मला वाटलं आता काका माघार घेतील. पण आतून आवाज आला, "मंजूर. पण नोंद मी ठेवीन."

पुढचा महिनाभर मी नोकरी करून उरलेल्या वेळात खड्डे मोजले. शेजारच्या बांधकामावरून वाळू आली आणि गच्चीवर तिचा वाफा झाला. गोळाफेकीचा लोखंडी गोळा कुठल्याशा शाळेतून उसना आला. काका पाण्याच्या टाकीवर उभे राहून तो सोडत आणि मी स्कूटरचं हेल्मेट घालून खाली फीत धरून उभी राहत असे. कोरडी वाळू झाली, ओली वाळू झाली, चिखल झाला. कणकेचा दहा किलोचा गोळा मळून झाला, त्यात लोखंडी गोळा इतका रुतला की काढायला माझे दोन्ही पाय भिंतीला लावावे लागले. ओल्या सिमेंटवरही करून पाहिलं. त्यात फार देखणा खड्डा पडला, वाळला, आणि कायमचा गच्चीत राहिला. पावसाचं पाणी साचून त्यात कावळे आंघोळ करू लागले. "चला, कोणाची तरी सोय झाली," असं काकू त्यावर म्हणाल्या.

एकदा वाळूत टाकलेला गोळा अर्धा रुतून मधोमध उभा राहिला. लांबून अगदी शिखर. मी घाईघाईने म्हटलं, "काका, हेच धरूया. काकूंना बोलावते. फोटो काढते."

ते टाकीवरून सावकाश उतरले. मला वाटलं खूश झाले. पण त्यांचा चेहरा पाहून मी हेल्मेट काढलं.

"हा गोळा आहे, बेटा. शिखर नाही. मी बत्तीस वर्षांत एक इंच खोटा लिहिला नाही. आता बायकोशी पैज लागली म्हणून लिहू?"

मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून मी अगदी इमानाने मोजलं, आणि इमानाने मोजून आम्ही रोज हरलो. कोजागिरीच्या सकाळी वर गेले तर काका दुर्बीण पुसून तिच्या खोक्यात भरत होते. भिंगावर कापूस ठेवला, त्यावर मऊ फडकं. मला पाहून म्हणाले, "शाळेतले लोक नीट ठेवतील ना ग?" मला इतकं वाईट वाटलं की मी खाली येऊन उगाचच काकूंशी तुटक वागले.

संध्याकाळी मंडळाच्या अंगणात सगळे जमले. मराठी माणसं जबलपुरात वर्षभर हिंदीत बोलतात आणि कोजागिरीला एकमेकांचं मराठी तपासतात. काका खुर्ची घेऊन निंबाखाली चंद्राकडे पाठ करून बसले होते. समोर अध्यक्ष, पांढराशुभ्र कुर्ता, नवा दात. दुधाचं भलंमोठं पातेलं नेहमीप्रमाणे काकूंच्या ताब्यात होतं. त्यांनी मला बदामाचे काप करायला शेजारी बसवलं.

"पोरी," त्या दूध ढवळत हळूच म्हणाल्या, "माझ्यावर चिडून राहिली ना तू? एक सांग मला. हा माणूस महिनाभर नेमकं काय शोधून राहिला? मला तर कधी सांगितलंच नाही. विचारलं की म्हणते, आधी अंगं पाठ कर."

मी बदाम खाली ठेवले. म्हटलं, "काकू, वरून धोंडा पडला की खड्डा पडतो. पण चंद्रावर धोंडा एवढा मोठा आणि एवढ्या जोरात पडतो, की खालचा खडक घडीभर पातळ झाल्यासारखा वागतो. बाजूने काठ उडतो, आणि दबलेला मध्य परत वर उसळतो. आणि तसाच थिजतो. तो उसळलेला मध्य म्हणजे शिखर. काकांना ते उसळताना बघायचंय."

"पातळ झाल्यासारखा?"

"हो."

"म्हणजे... असा?"

त्यांनी पळी हातभर वर धरली. वरण वाढताना धरतात तेवढीच. पळीतून एक थेंब दुधात पडला. गोल काठ उडाला, आत खळगा झाला, आणि त्या खळग्याच्या मधोमध दुधाचं एक टोकदार शिखर टुण्कन वर आलं आणि बसलं.

"हे?" काकू म्हणाल्या. "हे तर मी लग्न झाल्यापासून रोज पाहून राहिली!"

मी तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे पाहत होते. आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. आत्ता हाक मारली तर गच्ची गेली. गप्प राहिलं तर पापड, उन्हं, सगळी गच्ची, सगळं आपलं. त्यांनी पळीने दूध एकदा ढवळलं. पुन्हा एकदा ढवळलं. निंबाखाली पाठ करून बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

"मेली ती गच्ची," त्या पुटपुटल्या, आणि मग सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अहो! इकडे या. बघा हे काय आहे."

काका आले. थेंब पडला. काठ, खळगा, शिखर. काकांनी सवयीने मान हलवली आणि म्हणाले, "पाण्यात, बा..."

तो 'द' काही त्यांच्या तोंडातून बाहेर पडला नाही. ते तसेच वाकून उभे राहिले. मग शेजारच्या पाटावर मट्कन बसले.

"तळ्यात," ते म्हणाले. "म्हणजे तळ्यात पडायचा, तेव्हा... दर वेळी..."

"काय?" काकू म्हणाल्या.

"दर वेळी तिथे शिखर येत होतं. आन मी 'बाद' लिहून जेवायला जात होतो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी ते हसायलाही लागले, इतके की काकूंनी घाबरून पळी टाकली. मी फोन काढला. त्यात संथ गतीने व्हिडिओ घ्यायची सोय होती. काकूंनी थेंब सोडला, मी टिपला, आणि शिखर अगदी उंच आलं तिथे चित्र थांबवलं. काकांनी खिशातून पट्टी काढून फोनच्या काचेवर लावली. "काठ बघ! पिल्लं बघ!" ते ओरडत होते. "आन इथेच थिजलं! चंद्रानं इथेच धरून ठेवलं!"

मग कोणाचं कोणाला भान राहिलं नाही. आधी बायका आल्या, मग पुरुष. कोणी वाटीतून थेंब सोडतंय, कोणी चारोळी, कोणी अख्खा बदाम. "माझं बघा, माझं उंच आलं!" असं सत्तरीच्या आजीबाई ओरडत होत्या. अध्यक्षांनी सभ्यपणे एक खारीक सोडली. ती इतक्या वरून सोडली की अर्धी पळी दूध त्यांच्याच कुर्त्यावर उडालं, छातीपासून खांद्यापर्यंत, केशराच्या पिवळ्या रेघा. अध्यक्ष दिलगिरी ऐकायच्या तयारीने उभे राहिले. काकांनी त्यांच्या छातीला फीत लावली.

"हलू नका साहेब. या रेषा आहेत."

मोजून झाल्यावर त्यांनी मान वर केली. बहुधा किती तरी वर्षांनी त्यांनी पौर्णिमेच्या चंद्राकडे सरळ पाहिलं. खालच्या बाजूला एका खड्ड्यातून निघालेल्या पांढऱ्या रेषा चंद्रभर पसरल्या होत्या, साध्या डोळ्यांनाही जाणवतील अशा. "रेषा बाकी पौर्णिमेलाच दिसतात," ते अध्यक्षांना म्हणाले. "हे मान्य करावं लागते." आणि दुधाचा पेला त्यांनी मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर धपधप आवाज झाला. दार उघडलं तर काका खोकं उचलून खाली उतरत होते. मी त्यांच्यामागे धावले. खाली काकू दारात उभ्या होत्या.

"कुठे चालले?"

"शाळेत. पैज होती."

"काहून? शिखर तर निघालं."

"निघालं. पण काढलं तू. मी नाही." काकांनी खिशातून नोंदवहीचं पान काढून दाखवलं. त्यावर तारीख होती, थेंबाची उंची होती, आणि चाचणी घेणाऱ्याच्या रकान्यात काकूंचं पूर्ण नाव होतं. "मी 'काढून दाखवतो' म्हटलं होतं. मला नाही निघालं. गच्ची तुझी."

काकूंनी ते पान दोनदा वाचलं. मग घडी घालून कमरेला खोचलं.

"गच्ची माझी ना?"

"तुझी."

"मग माझ्या गच्चीवर काय राहील ते मी सांगीन. ती वाळू आज उचला, तिथे पापड पडतील. नळी राहील. चलो, वर न्या परत." आणि मग जरा दुसरीकडे बघत, "आन ती अष्टमी येईल तेव्हा मला बोलवा. मी पाठबिठ काही करणार नाही."

दिवाळी झाली, कार्तिकातली शुद्ध अष्टमी आली. सहा वाजता काकू पदर खोचून वर आल्या. काकांनी ते तीन खड्डे लावून ठेवले होते. काकूंनी डोळा लावला आणि काढलाच नाही. काका त्यांच्या मागे, मी काकांच्या मागे. दर मिनिटाला काका एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. काठ, पायऱ्या, चादर, सगळं त्यांच्या ओठांपर्यंत येत होतं आणि ते गिळत होते. एवढा वेळ गप्प राहिलेले काका मी तेव्हाच पाहिले.

शेवटी न राहवून ते म्हणाले, "काय दिसून राहिलं?"

"थांबा," काकू म्हणाल्या. "दहा वर्षं तुम्ही पाहिलं." मग बऱ्याच वेळाने, डोळा न काढता, "तीन आळी आहेत."

"हो."

"पहिलं काठोकाठ भरलं. सपाट झालं. त्याच्यात काही दिसत नाही."

"त्याच्यात नंतर काहीबाही भरत गेलं," काका हळूच म्हणाले. "शिखर असलं तरी बुडालं असेल."

"दुसऱ्यात जरासं टोक दिसून राहिलं." काकू थांबल्या. "तिसऱ्यात बाकी कोणी ओतलं नाही."

त्या बराच वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या. बाजूला झाल्या, काकांच्या सदऱ्याच्या खांद्यावरचा सिमेंटचा एक जुना डाग नखाने खरवडून काढला आणि खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पानं मांडली, भात वाढला. काकांनी आळं केलं. काठ, पायऱ्या, तळ, शिखर. मान मागे घेतली. आणि मग सवयीने डोळे मिटून घेतले, बुडताना बघायला नको म्हणून.

काकूंनी पळी खाली आणली, पानाच्या अगदी जवळ. वरण त्यांनी कडेकडेने सोडलं, पायऱ्यांना लागून, बेताबेताने. तळ भरला. शिखर कोरडं राहिलं. मग चमचा घेऊन त्याच्या टोकावर तुपाचा एक थेंब ठेवला.

"जेवा," त्या म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले. सगळा भात त्यांनी काठाकाठाने संपवला आणि शिखर शेवटच्या घासापर्यंत राखून ठेवलं.